कुणी मोडल्या, कुणी सांधल्या

टोकियोच्या उएनो बागेतल्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे एक मातीची बाई आहे. उंची जेमतेम 34 सेंटीमीटर. खांदे पहिलवानाचे, कंबर आवळलेली, हातपाय आखूड आणि टोकाला निमुळते, अंगभर नक्षीची वेटोळी, डोक्यावर मुकुट म्हणावा की अंबाडा असा काहीतरी उभार. पण हे सगळं नंतर दिसतं. आधी दिसतात ते डोळे. निम्मा चेहरा व्यापणारे, फुगीर, आणि मधोमध नुसती एक आडवी चीर. डावा पाय नाही. 1887 साली उत्तर जपानमधल्या आओमोरी प्रांतात, कामेगाओका इथे ती सापडली. तेव्हापासून ती कोण आणि कशासाठी घडवली, हे सांगायला पुढे येणाऱ्यांची रीघ काही थांबलेली नाही.

तिचा फोटो तुम्ही बहुधा पाहिलेला आहे, आणि तोही अंतराळवीर म्हणून. परग्रहवासी प्राचीन काळी पृथ्वीवर येऊन गेले, असं सांगणाऱ्या लेखक डॅनिकेनच्या कल्पनांनी एके काळी मराठी घरांनाही झपाटलं होतं. आमच्याकडे सुट्टीत जमलेला आतेभाऊ ही बाई दाखवून म्हणायचा, "बघ, हेल्मेट. बघ, गॉगल. बघ, सूटच्या पट्ट्या." मला तेव्हा ते पटलंही होतं. आता वाटतं, त्या सिद्धांताचा मोठा दोष हा की त्यात कुतूहलच कमी आहे. परग्रहावरून आलेल्याचं चित्र म्हटलं की पुढे विचारायला काही उरत नाही. घडवणारी माणसं, त्यांची माती, त्यांचा हात, सगळं एका फटक्यात निकालात निघतं.

गॉगलची कल्पना मात्र डॅनिकेनच्याही आधीची. त्सुबोइ शोगोरो हे जपानी मानववंशशास्त्राच्या पायाभरणीतलं नाव. ते इंग्लंडमध्ये शिकत असताना, 1891च्या सुमारास, त्यांनी उत्तर ध्रुवाकडच्या लोकांचे बर्फाचे चष्मे पाहिले. लाकडात किंवा हाडात बारीक आडवी फट पाडलेले, बर्फावरच्या लखलखाटापासून डोळे वाचवणारे. त्यांना वाटलं, कामेगाओकाच्या बाईनं हेच लावलंय. उत्तर जपानमधल्या आयनू लोकांच्या कथांमध्ये कोरोपोक्कुरु नावाच्या बुटक्या लोकांचा उल्लेख येतो. हे लोक खरेच होते आणि जपानचे मूळ रहिवासी तेच, असं त्सुबोइंचं मत होतं. तेव्हा या बाहुल्या म्हणजे त्यांच्या पोशाखाचा जणू फोटो अल्बम! पुढे कालक्रम लागत गेला, आधीच्या आणि नंतरच्या बाहुल्या शेजारी ठेवता आल्या, तेव्हा दिसलं की हे डोळे पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू मोठे होत गेलेत. चष्मा वगैरे काही नाही, एक शैली वाढत वाढत टोकाला गेली आहे. तरीही जपानी भाषेत या प्रकाराला आजही बर्फाच्या चष्म्यांवरूनच नाव आहे. सिद्धांत गेला, नाव राहिलं.

या बाहुल्यांना दोगू म्हणतात. त्या ज्या काळातल्या, तो जोमोन काळ सुमारे 16,000 वर्षांपूर्वी सुरू झाला आणि साधारण 2,400 वर्षांपूर्वी, भातशेती पसरू लागल्यावर, मावळला. ही माणसं शिकार करायची, मासे आणि शिंपले गोळा करायची, चेस्टनट आणि ओकची फळं साठवायची. नांगर नाही, धातू नाही. पण गावं होती, स्थिर घरं होती आणि मातीची भांडी तर जगातल्या सर्वांत जुन्यांपैकी. अशा लोकांनी केलेल्या सुमारे 18,000 दोगू आजवर मिळाल्या आहेत, बहुतेक पूर्व आणि उत्तर जपानमध्ये.

सर्वांत जुन्यांपैकी एक शिगा प्रांतात 2010 साली मिळाली. वय सुमारे 13,000 वर्षं, उंची 3.1 सेंटीमीटर, वजन पंधरा ग्रॅमसुद्धा नाही. नुसतं धड. छाती आहे, कंबरेचा बाक आहे, शिर मुळात केलेलंच नाही. मानेच्या जागी एक बारीक भोक. ही चिमुकली आणि कामेगाओकाची डोळेवाली यांच्यात दहा हजार वर्षांचं अंतर आहे. अजिंठ्याची पहिली लेणी खोदल्याला जेवढा काळ लोटला, त्याच्या चार-पाच पट. आणि आपण विचारतो, दोगू कशासाठी होत्या? जणू एकाच कारखान्यातून एकाच हुकुमानं निघालेल्या.

अर्थात काही धागे सलग दिसतात, ते नाकारून चालणार नाही. बहुतेक दोगू बाया आहेत. कितींना तरी पुढे आलेलं पोट आहे, आणि पोटावर मधोमध एक उभी रेघ. बाळंतपणातून गेलेल्या बाईला ती रेघ कसली हे सांगावं लागत नाही. गरोदरपणी पोटावर तशीच उमटते. हाचिओजीजवळ सापडलेली एक दोगू मूल कुशीत घेऊन बसली आहे, तिचं स्वतःचं डोकं मात्र गेलंय. तेव्हा बाळंतपण, कूस, सुईणीच्या हाती असलेला तो धोक्याचा प्रसंग, याच्याशी यांचा संबंध असणार, असं मानायला आधार आहे. मानववंशशास्त्रज्ञ तोरी रयूझो यांनी 1920च्या दशकात इथपासून थेट देवीपूजेपर्यंत मजल मारली. मला ती उडी मोठी वाटते. स्त्रीची मूर्ती दिसली की लगेच आदिमाता म्हणायचं, ही सवय विसाव्या शतकात जगभर होती. आपल्याकडेही आहे.

मी हौसेनं मातीकाम करते. भांडी बरी जमतात, माणसं फारशी नाही. पण त्या खटपटीमुळे या बाहुल्यांकडे बघताना माझं लक्ष आधी सांध्यांवर जातं. जाड भरीव मूर्ती नीट वाळली नाही तर भट्टीत फुटते, आतल्या ओलीची वाफ तिला उडवते. पोकळ करायची तर हवेला वाट ठेवावी लागते. हातपाय वेगळे वळून धडाला लावायचे तर दोन्हीकडे ओरखडे पाडायचे, पातळ चिखल लावायचा, दाबून घट्ट बसवायचं, वरून माती ओढून सांधा बुजवायचा. एवढं करूनही मूर्ती पडली तर तुटते ती तिथेच.

हे सांगायचं कारण शाकादो. यामानाशी प्रांतात 1980-81 साली महामार्ग बांधताना खोदकाम झालं आणि त्या एका जागेत 1,116 दोगू मिळाल्या. एकही अखंड नाही. आजूबाजूला पीच आणि द्राक्षांच्या बागा, आणि महामार्गाच्या वाहनतळावरून पायऱ्या चढून थेट संग्रहालयात जाता येतं. मी गेले तेव्हा काचेआड चेहऱ्यांची रांग पाहत राहिले. अंगठ्याएवढे, काही त्याहून लहान. एकीचं तोंड उघडं, काही विचारल्यासारखं. एकीचे डोळे तिरपे, कोपरे वर गेलेले. एकीच्या भुवया आणि नाक एकाच चिमटीनं वर ओढलेले. बोटांनी माती कुठे दाबली आणि कुठे सोडून दिली ते कळतं. दुसरीकडे नुसते पाय. तिसरीकडे धडं.

संशोधकांनी या तुकड्यांचे काठ तपासले तेव्हा लक्षात आलं की बाहुल्या मातीच्या वेगवेगळ्या गोळ्यांपासून जोडून केल्या होत्या आणि तुटल्यात त्या जोडांवरच. यावरून काहींनी असं मांडलं की त्या मोडण्यासाठीच, सहज मोडाव्यात अशा बेतानं घडवलेल्या. इथे माझ्यातली नवशिकी कुंभारीण मान हलवते. जोडावर तुटणं हा मातीचा स्वभाव आहे, त्यासाठी बेत लागत नाही. शिवाय पाच हजार वर्षं मातीच्या भाराखाली काढल्यावर कोण अभंग राहील?

पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि त्याच्यापुढे मी निमूट होते. हजारावर बाहुल्या, पण एकमेकांशी जुळणारे तुकडे अगदी थोडे. जे जुळले त्यांतले काही एकमेकांपासून दोनशे मीटरांहून जास्त अंतरावर मिळाले. आओमोरीतल्या सान्नाइ-मारुयामा या मोठ्या गावातही तसंच. तिथे दोन हजारांच्या आसपास दोगू निघाल्या, क्रुसाच्या आकाराच्या चपट्या. त्यांतल्या सर्वांत मोठीचं डोकं एकीकडे आणि धड नव्वद मीटरांवर दुसरीकडे. हातातून निसटून फुटलेल्या वस्तूचे तुकडे असे गावभर जात नाहीत. तुकडे होण्यामागे हेतू होता की नाही यावर वाद घालता येईल. ते नेऊन लांब टाकण्यामागे होता, यावर फारसा घालता येणार नाही. उरलेले तुकडे कुठे आहेत? काही कदाचित शेजारच्या गावांत गेले असतील, वाटून घेतल्यासारखे. काही अजून बागांखालीच असतील, कारण खोदलं ते रस्त्यापुरतंच.

मोडतोडीचं सर्वांत देखणं स्पष्टीकरण योशिदा आत्सुहिको यांचं आहे. पुराणकथांचे हे अभ्यासक 'कोजिकी'कडे वळतात. जपानी पुराणकथांचा हा ग्रंथ 712 सालचा. त्यात ओगेत्सुहिमे नावाची देवी सुसानोओ या देवाला जेवू घालते, पण अन्न काढते ते स्वतःच्या नाका-तोंडातून आणि पार्श्वभागातून. त्याला किळस येते, तो तिला मारून टाकतो. मग तिच्या प्रेताच्या डोक्यातून रेशमाचे किडे, डोळ्यांतून भात, कानांतून राळ्यासारखं धान्य, नाकातून अडझुकी नावाचं लाल कडधान्य, योनीतून गहू आणि पाठीमागून सोयाबीन उगवतं. इंडोनेशियाच्या सेराम बेटावरही अशीच, मारून पुरलेल्या मुलीच्या अंगाच्या तुकड्यांतून कंद उगवल्याची कथा आहे. योशिदांचं म्हणणं, दोगू मोडून विखुरणं हा याच कथेचा जुना प्रयोग. बाई मोडायची, तुकडे जमिनीत द्यायचे, जमीन अन्न देते.

यावर सरळ आक्षेप येतो: जोमोन लोक शेती कुठे करत होते? पण गेल्या काही दशकांत एक बारीक काम झालं आहे. मडक्यांच्या भिंतीत जी बीजं मळली गेली आणि भाजताना जळून गेली, त्यांच्या पोकळ ठशांत सिलिकॉन ओतून बीजांचे आकार परत मिळवले जातात. यामानाशी आणि नागानो भागांतल्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत असे सोयाबीनचे आणि अडझुकीचे ठसे मिळाले, तेही रानटी दाण्यांपेक्षा मोठे. म्हणजे ज्या डोंगराळ भागात शाकादोच्या बाया मोडल्या, तिथेच कुणीतरी कडधान्यं राखत, निवडत होतं. ओगेत्सुहिमेच्या अंगातून उगवणाऱ्या यादीत नेमकी ही दोन आहेत. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मग थोड्या वेळानं आठवलं की त्या मडक्यांपासून कोजिकीपर्यंत जवळपास चार हजार वर्षं जातात, आणि चार हजार वर्षांत एक गोष्ट किती तोंडांतून किती बदलेल याला सुमार नाही.

आणि मग आहे हाचिनोहेची बाई, जी सगळ्यांचा डाव मोडते.

हाचिनोहे शहरातल्या काझाहारी इथे 1989 साली सापडलेली ही दोगू 19.8 सेंटीमीटर उंच, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. उकिडवी बसलेली, कोपरं गुडघ्यांवर, दोन्ही हात छातीसमोर एकमेकांत गुंफलेले. कुणी म्हणतं प्रार्थना, कुणी म्हणतं बसून बाळंत होणारी बाई कळ सोसतेय. अंगावर लाल रंगाच्या खुणा. ती कचऱ्यात नव्हती. घराच्या दारासमोरच्या भिंतीशी होती, डावा पाय काही अंतरावर वेगळा पडलेला. आणि तिच्या तुटलेल्या भागांवर काळं काहीतरी चिकटलं होतं. डांबर. जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडे जमिनीतून आपोआप झिरपणारं डांबर जोमोन लोक दूरदूरवर नेत, बाणांची टोकं काठीला बसवायला वापरत. या घरातल्या कुणीतरी ते तापवून मोडलेली बाई पुन्हा जोडली होती.

मोडण्यासाठीच केलेली वस्तू कुणी चिकटवत बसत नाही. निदान या घरात तरी तिचं काम तुटल्यावर संपलं नव्हतं. दुखणाऱ्या अवयवाचं दुखणं बाहुलीवर घालून तो अवयव मोडायचा, हे स्पष्टीकरण मला पूर्वीपासून आवडतं, पण ते इथे लटपटतं. देवीचे तुकडे पेरायचे, तेही लटपटतं. डांबर लावणारी व्यक्ती आपल्याला एवढंच सांगते की ही बाई मला अजून हवी आहे. का हवी आहे ते सांगत नाही.

नागानोतल्या चिनो शहरात दोन दोगू शेजारी शेजारी पाहता येतात आणि त्या एकमेकींना जणू खोडून काढतात. पहिली 1986 साली औद्योगिक वसाहतीसाठी जमीन सपाट करताना मिळाली. 27 सेंटीमीटर, दोन किलोंहून वजनदार, भरीव, मातीत अभ्रक मिसळल्यामुळे प्रकाशात चमचमणारी. जवळपास अखंड. गावाच्या मधल्या चौकात एका छोट्या खड्ड्यात तिला कुशीवर निजवलं होतं. मोडणं नाही, विखुरणं नाही. जोमोन काळातली राष्ट्रीय ठेवा ठरलेली ही पहिली वस्तू, 1995 साली. तिच्याकडे मागून पाहा, पार्श्वभागाचा आकार असा सफाईदार की घडवणारा किंवा घडवणारी हात मागे घेऊन जरा खूश झाली असणार.

दुसरी 2000 साली मिळाली, 34 सेंटीमीटरची, आतून पोकळ. चेहरा त्रिकोणी सपाट. डोक्याच्या मागे पाहिलं की पट्टे बांधलेले दिसतात, तेव्हा उमगतं की समोर आहे तो चेहरा नाही, मुखवटा आहे. तिचा उजवा पाय पुरण्याआधीच जाणूनबुजून काढला होता, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत. आसपासच्या काही थडग्यांत मृताच्या तोंडावर वाडगा उपडा घातलेला. ही बाई मला सगळ्यांत जास्त छळते. देवी असती तर तिला मुखवटा कशाला? मुखवटा बांधतं ते माणूस, दुसरं कुणीतरी होण्यासाठी. मग ही देवीची मूर्ती नसून देवी अंगात घेणाऱ्या बाईची मूर्ती असू शकते. किंवा मेलेल्याचं सोंग घेणाऱ्या जिवंत बाईची.

पुण्याहून फार लांब नसलेल्या इनामगावच्या आठवणीशिवाय मला हे सगळं बघता येत नाही. शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी, डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात खोदलेली ताम्रपाषाणयुगातली वस्ती. काळ साधारण जोमोनच्या उत्तरार्धाशी जुळणारा. तिथे एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची डबी पुरलेली होती, तिच्यासोबत दोन स्त्रीमूर्ती आणि एक बैल. एक बाई शिर असलेली, दुसरीला शिरच नाही. तिच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक, आणि काडी घातली की ती बैलावर स्वार होते. सगळं कच्च्या मातीचं, भाजलेलं नाही. जपानशी याचा काडीचा संबंध नाही, पण शिगाच्या बिनशिराच्या चिमुकलीच्या मानेतलं भोक पाहताना हात आपोआप काडी शोधतो. आणि मातीची मूर्ती घडवून, पुजून, पाण्यात विरघळवणाऱ्या घरात वाढल्यामुळे मोडलेली मूर्ती म्हणजे फसलेली मूर्ती असं मला मुळात वाटत नाही. तेवढाच आमचा फायदा. पार्थिव गणपतीवरून दोगूचा अर्थ लावायला गेले तर मीही आतेभावाच्याच रांगेत बसेन.

अलीकडे, 2021 मध्ये, ताकेकुरा फुमितो या अभ्यासकानं वेगळीच बाजू मांडली: दोगू म्हणजे बाया नव्हेतच, खाण्याच्या वस्तूंना माणसाचे हातपाय लावलेत. हा चेस्टनट, तो शिंपला, कामेगाओकाची डोळेवाली म्हणजे कंद. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं, बक्षीस मिळालं. पुरातत्त्वज्ञ मात्र संतापले, कारण डोळे हळूहळू कसे मोठे झाले, कुठला प्रकार कुठल्यातून आला, हा सगळा क्रम त्यात बाजूला पडला होता. मीही पुरातत्त्वज्ञांच्या बाजूची. एक सुटी दोगू समोर ठेवली तर ती कशासारखीही दिसते. तिच्या आधीच्या वीस आणि नंतरच्या वीस मांडल्या की बरीच साम्यं गळून पडतात.

आज त्यांतल्या एकीचा उपयोग तरी पक्का ठाऊक आहे. कामेगाओकाजवळच्या किझुकुरी रेल्वे स्थानकाच्या दर्शनी भिंतीवर 1992 पासून तिची 17 मीटर उंच प्रतिकृती उभी आहे. डोळ्यांत दिवे आहेत आणि गाडी आली की ते लुकलुकायचे. लहान मुलं घाबरतात म्हणून मध्यंतरी कुरकुर झाली आणि लुकलुकणं आवरतं घेतलं गेलं. पुढे रंगीत दिवे बसवले. डावा पाय मात्र त्यांनी प्रतिकृतीलाही दिलेला नाही. तुटलेला पाय मुद्दाम, नकाशावर मोजून, काँक्रिटमध्ये बांधून काढला आहे, आणि ती एका पायावर गाड्यांची वाट बघते.